सहावं चित्र

रत्नागिरीत दाताचे डॉक्टर पुष्कळ आहेत. अडकलेली अक्कलदाढ धड काढता येणारा मी एकटाच, आणि हे मी नम्रपणे सांगतोय असं समजू नका.

गेल्या वर्षी मी दोन गुंगीच्या औषधांची तुलना करायला घेतली. दाढ बधिर करायची, पेशंट घाबरू नये म्हणून शिरेतून गुंगी द्यायची आणि दोन तासांत घरी पाठवायचं. दहा जणांना मिडाझोलाम, दहा जणांना डेक्समेडेटोमिडीन. कुणाला काय, ते बंद पाकिटं ठरवणार. मुंबईच्या परिषदेत काही दीडशहाण्यांची तोंडं बंद करायची होती. माझ्या मुलीची, उर्वीचीही दाढ सुजत होती, पण तिचं परीक्षेनंतर बघायचं ठरलं होतं.

गुंगी चढली की आमच्या मालिनी सिस्टर पेशंटला पाच चित्रं दाखवायच्या. आंबा, होडी, छत्री, गाय, कंदील. तासाभराने विचारायचं, काय आठवतं? डेक्सवाल्यांना तीन-चार आठवायची. मिडाझोलामवाल्यांना एकही आठवत नाही. ते औषध मधला वेळ पुसूनच टाकतं.

मिडाझोलामचा पहिला पेशंट भागोजी, लांज्याच्या काजू कारखान्यातला. त्याला पाचातलं एकही सांगता येईना.

"एक खळ्याचं होतं," तो म्हणाला. "बाकी नाय आठवत."

घरापुढचं सारवलेलं खळं, पलीकडे चिऱ्याच्या दगडांची बुटकी भिंत, म्हणजे गडगा, गडग्याशी एक माणूस पाठमोरा उभा. मी मनात म्हटलं, काय एकेक नमुने येतात! कागदावर शून्य लिहिलं.

आठवड्याने मिरजोळ्याची मैना आली. तिलाही तेच खळं दिसलं होतं, फक्त माणूस आता तिच्याकडे वळला होता. मी सिस्टरांवर उखडलो. पेशंटांना बाहेर बसवून चकाट्या पिटता, त्याचा हा परिणाम, असं सुनावलं. त्यांनी गुपचूप चित्रं टेबलावर मांडली. पाचच होती.

मिडाझोलामच्या चौथ्या पेशंटला माणूस खळ्याच्या मधोमध दिसला. सहाव्याने सारवणाचा ओला वास आल्याचं सांगितलं. त्यानंतर तो वास मलाही येऊ लागला, लवंगतेल आणि एसीच्या गार हवेतून. मी फरशी पुसणाऱ्या बाईला झापलं. नववा म्हणाला, माणूस इतका जवळ होता की चित्रात मावत नव्हता. नुसता सदरा दिसत होता आणि त्याची बटणं.

विसावा पेशंट भित्रा निघाला, आलाच नाही. परिषदेला चार दिवस उरले होते. मी उर्वीला घेतलं. घरच्या माणसाला अभ्यासात घेऊ नये हे मलाही माहीत आहे, पण असले नियम लिहिणाऱ्यांनी आयुष्यात एक दाढ काढलेली नसते.

एकोणीस पाकिटं उघडून झाली होती, दहा डेक्सची, नऊ मिडाझोलामची. विसाव्यात मिडाझोलाम आहे हे शेंबड्या पोरालाही सांगता आलं असतं. सिस्टर चौदा वर्षांत मला कधी उलटून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, उर्वीला ते नको. दुसरं द्या."

मी हसलो. "पाकिटात आहे तेच मिळणार. तुमच्या खुळचटपणासाठी मी अभ्यास बिघडवू?"

खुर्चीत उर्वीने माझं बोट धरून ठेवलं होतं. तिला भीती वाटत होती. मूर्खासारखं करू नकोस, म्हणून मी ते सोडवलं.

अठरा मिनिटांत दाढ बाहेर आली. रक्तही फारसं गेलं नाही.

तासाभराने मीच विचारलं.

"काय आठवतं?"

"खळं."

मी कागद खाली ठेवला. "आणि?"

"आणि काही नाही, बाबा. रिकामंच होतं."

हुश्श झालं. माणूसबिणूस काही नव्हता. मी सिस्टरांना हाक मारून सांगितलं, बघा, उगाच माझं डोकं खाल्लंत! त्या उर्वीच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिल्या.

गाडीत उर्वी मागच्या सीटवर बसली, गालाला बर्फ धरून. मी दार लावायला गेलो, तशी ती पलीकडच्या खिडकीशी सरकली.

"थांब, बाबा."

मी दार धरून उभा राहिलो.

"हं. आता लाव."