झोपेचं विरजण

२०७१ साली तासगावातली सगळ्यात भाग्यवान मुलगी कोण, असं कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच आलं असतं: खराड्यांची दुर्वा. कारण तिला झोप लागायची.

हसू नका! त्या काळात झोप लागणं ही साधी गोष्ट राहिली नव्हती. तीन पिढ्या डोळ्यांसमोर फोनचे पडदे धरून आणि तीन-तीन पाळ्यांत राबून माणसाचा मेंदू झोपेची वाटच विसरला होता. अंथरुणावर पडायचं, छत बघायचं आणि उठायचं. गोळीनं गुंगी यायची, झोप नाही. सरकारनं गावोगावी निजघरं बांधली होती. थंडगार, काळोखी, मऊ गाद्यांची. लोक दुपारी तिथं जायचे आणि एकमेकांचे सुस्कारे ऐकून परत यायचे.

आणि दुर्वा? ती नववीत, इतिहासाच्या तासाला, पहिल्या बाकावर बसून झोपली होती. बाई ओरडल्या नाहीत. बाई आणि अख्खा वर्ग तिच्याकडे चाळीस मिनिटं असे बघत राहिले, जसं उपाशी माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो.

दुर्वाच्या झोपेमागे काही जादू नव्हती. तिच्या अंगावर लहानपणापासून आईची वाकळ होती. वाकळ म्हणजे गोधडीच, सांगलीकडचा शब्द. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि कडेपासून मध्यापर्यंत हातानं धावदोरा घालत जायचं. दुर्वाची आई रत्नमाला आणि आणखी पाचजणी एका पत्र्याच्या शेडमध्ये बसून हेच करायच्या. वाकळी सुरेख व्हायच्या. विकल्या मात्र जायच्या नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यातली 'सुखशय्या' नावाची गिरणी तसलीच नक्षी छापून, आत तापणाऱ्या तारा घालून पांघरुणं काढायची. आता त्याच गिरणीतून रत्नमालाला पत्र आलं होतं. टाके तपासायची नोकरी, राहायला खोली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. होकार म्हणजे शेडला कुलूप, पाचजणी घरी आणि दुर्वा वसतिगृहात.

"मी नाही जाणार वसतिगृहात," दुर्वा म्हणाली. "तिथं नायलॉनची पांघरुणं देतात."

"मग काय, हिला शेडमध्येच टांगून ठेवू या, वटवाघळासारखी," शालनमावशी म्हणाली. ती शेडमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात तिखट बाई. "तसंही झोपण्याशिवाय दुसरं काय येतंय बयेला?"

सगळ्या हसल्या. पण दुर्वा नाही हसली. तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी पेटलं होतं.

त्याच वर्षी निजटिकली बाजारात आली होती. मिरजेच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर फातिमा मुजावर यांनी ती बनवली होती. दिसायला साधी टिकली, मसुराएवढी. कपाळावर लावून झोपलं की मेंदूच्या झोपेतल्या लाटा ती टिपायची. मग त्या लाटा आपल्या पानावरून दुसऱ्याच्या टिकलीत पाठवता यायच्या. पान म्हणजे कट्ट्यावरचं पान. कट्टा ही त्या काळातली सगळ्यांची गप्पा मारायची जागा होती. तिथं प्रत्येकाचं एक पान असायचं आणि त्यावर फोटो, गाणी, भांडणं, वाढदिवस, सगळं असायचं.

'रत्नमाला वाकळ केंद्र' असंही एक पान होतं. त्याला अकराजण जोडलेले होते. सहाजणी शेडमधल्या, चारजण नातेवाईक, आणि एक म्हशींचे व्यापारी, जे चुकून आले होते आणि लाजेखातर गेले नव्हते.

"त्या पानावरून झोप जात नाही," दुर्वानं आईला सांगितलं. "दुकानाच्या पानाला डोकंच नसतं, टिकली लावणार कुठं? माणसाचं पान लागतं. माझ्या पानावरून पाठवते ना!"

रत्नमालाची सुई थांबली. "दुर्वे, आपलं पान म्हणजे आपलं घर असतं. घरात दुकान मांडलं की मैत्रिणींची गिऱ्हाइकं होतात. मग तुझ्याशी बोलायला कोण येतंय आणि भाव करायला कोण येतंय, तुलाच कळायचं नाही."

"मी खोटं कुठं सांगतेय? झोपते मी, वाकळ तुझी. एवढंच लिहिते. एक अक्षर जास्त नाही!"

रत्नमालानं हो म्हटलं नाही. ती मिरजेला फोन करून मोकळी झाली आणि शनिवारी डॉक्टर मुजावर स्वतः शेडमध्ये आल्या. पायांत धुळीनं भरलेल्या चपला, पिशवीत टिकल्यांची डबी आणि डोळ्यांखाली ही एवढी काळी वर्तुळं. झोपेवर वीस वर्षं काम करणाऱ्या बाईलाही झोप नव्हती.

त्या आल्या आणि बोलायचं सोडून बायकांच्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या.

"एक गंमत बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या सहाच्या सहा सुया एकदम वर येतायत. कुणी सांगितलं तसं?"

बायकांनी हात थांबवले. खरंच की!

"कशाला कोण सांगंल?" शालनमावशी म्हणाली. "शेजारी बसलं की हात लागतोच एका चालीला."

"मेंदूचंही तेच आहे. झोपेत मेंदूच्या पेशी एका चालीवर लाटा काढतात. ज्याची चाल बिघडलीय त्याच्याशेजारी चांगली चाल आणून बसवली की त्याचाही मेंदू त्याच चालीला लागतो. टिकली एवढंच करते."

"म्हणजे माझ्या पोरीची झोप काढून दुसऱ्याला देणार?" रत्नमालाचा आवाज चढला.

"काढून नाही, ताई. तुम्ही दह्याला विरजण लावता ना? चमचाभर दही दुधात घातलं की पातेलंभर दही होतं. आम्ही याला विरजणझोपच म्हणतो. दुर्वाची चमचाभर झोप, बाकी झोप ज्याची त्याची."

"आणि विरजण लावलं तरी ऊब लागतेच की!" दुर्वा मधेच ओरडली. "हो ना, डॉक्टर? थंडीत आई पातेलं गुंडाळून ठेवते!"

डॉक्टरांनी तिच्याकडे नवलानं पाहिलं. "हुशार आहेस गं. तीच तर आमची अडचण होती. लोकांना पाठवलेली झोप अर्धवट लागते. तुझा मेंदू झोपताना अंगावर एक ठरावीक वजन, एक ठरावीक ऊब गृहीत धरतो. ती वाकळीची आहे. तुझी झोप पुरती लागायची तर अंगावर वाकळच हवी. तारांचं पांघरूण चालायचं नाही."

शालनमावशीनं सुई वाकळीत खोचली. मग ती म्हणाली, "म्हंजे हिच्या आळसाला आपल्याशिवाय गिऱ्हाईक नाही!"

"पण माझ्या पोरीला धोका?" रत्नमालानं विचारलं.

"तिला काही नाही. विरजण दिल्यानं दही कमी होत नाही."

"मग धोका कुणाला?"

डॉक्टरांनी टिकल्यांची डबी बंद केली. "असलाच तर दुधाला," त्या म्हणाल्या. "पण चमच्या-चमच्यानं काही होत नाही. टिकली चाळीस मिनिटांत आपोआप बंद पडते."

त्या दिवशी दुर्वानं आपल्या पानावर दोन ओळी लिहिल्या. 'ही माझी दुपारची झोप. वाकळ माझ्या आईची.' खाली आईचा सुई धरलेला हात. चेहरा नाही, कारण आईनं दटावलं होतं. मग जेवून, डाव्या कुशीवर, हात गालाखाली घेऊन ती गाढ झोपली.

उठली तेव्हा शालनमावशी फोन हातात धरून बसली होती, तोंड उघडं. "बये, तुझी झोप एकशे ऐंशीजणांनी आपल्या टिकलीत ओढून घेतलीय!"

आणि मग नुसता पूर आला! वर्गातल्या मुलींनी झोप घेतली, त्यांनी आज्यांना दिली, आज्यांनी भिशीतल्या मैत्रिणींना दिली. कोण कुठले लोक लिहायला लागले. नाशिकचे एक बसचालक म्हणाले, अकरा वर्षांनी घोरलो, बायको आनंदानं रडली. पुण्याचे एकाहत्तर वर्षांचे विनायक पोंक्षे मात्र रागावले होते. 'झोप उत्तम. परंतु स्वप्नात मला बीजगणिताच्या पेपराला बसवण्यात आले व पेन्सिलही नव्हती. तुझ्या बाई फार कडक आहेत. मी त्यांना घाबरलो. सोबत दोन वाकळींची मागणी नोंदवावी.'

दुर्वा हसून लोळली. मुलींनी शाळेत तिला 'ए दुकान!' म्हणून चिडवायला सुरुवात केली, तर तिनं बाकावर उभं राहून सांगितलं, "हो, आहेच मी दुकान! चोवीस तास उघडं, फक्त मालकीण झोपलेली असते!" त्यानंतर कुणी चिडवलं नाही. उलट दोघी म्हणाल्या, आम्हाला टाके शिकव.

शेडमधल्या वाकळी संपल्या. रत्नमालानं गिरणीला कळवलं, आणखी आठवडाभर थांबा. ती नाही म्हणायला अजून भीत होती. कारण कट्ट्यावरची लाट आज आहे, उद्या नाही. पक्कं काम एकच होतं: राज्यभरच्या निजघरांचं. विश्रांती खात्याचे संचालक मोहिते सांगलीच्या सभागृहात पांघरुणं निवडायला येणार होते.

मोहितेंनी स्पर्धकांना एकच अट घातली. "मी चार वर्षं झोपलेलो नाही. मला आणि इथं आलेल्या तीनशे माणसांना जो झोपवेल, त्याचं काम. मी झोपलो तर माझी सहायक सही करेल. मला उठवायच्या भानगडीत पडू नका."

सुखशय्येनं सकाळी आपली तापणारी पांघरुणं घातली. तीनशे माणसं घामाघूम झाली आणि एकजण 'इस्त्री झाली माझी!' म्हणत उठून गेला.

दुपारी वाकळींची पाळी. शेडमधल्या संपल्या होत्या, म्हणून तासगावातल्या घराघरांतून तीनशे वाकळी मागून आणल्या होत्या. डॉक्टर मुजावर दुर्वाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजवर तू लांबून, चमच्या-चमच्यानं दिलंस. इथं एका छताखाली तीनशेजण, सगळ्यांना टिकली, सगळ्यांवर वाकळ, सगळ्यांचा श्वास एका तालात. पातेलं एकच होईल. असं आधी कुणी केलेलं नाही. नको असेल तर सांग, मी यंत्र बिघडलं म्हणते."

दुर्वानं आईकडे पाहिलं. आई प्रत्येक वाकळीचा कोपरा सारखा करत हिंडत होती, जणू तीनशे पोरं निजवायची होती.

"काही बिघडलेलं नाही यंत्र," दुर्वा म्हणाली. "मी झोपणार."

ती पहिल्या रांगेत आडवी झाली. टिकली लावली. डाव्या कुशीवर वळली. तीनशे माणसं, साहेब, हमाल, प्राध्यापक, परिचारिका, सगळी सळसळत डाव्या कुशीवर वळली. चौथ्या मिनिटाला मोहिते साहेबांचं पहिलं घोरणं आलं. एकदम खणखणीत! सहायक तोंडावर हात धरून हसली आणि तिनं कागदावर सही ठोकली.

शालनमावशीनं शेजारच्या खांबालाच मिठी मारली. रत्नमालानं कागद वाचला. पुन्हा वाचला. शेड राहणार, पाचजणी राहणार, पोर घरी राहणार! तिनं पदर डोळ्यांना लावला. चाळीस मिनिटं कशी गेली तिला कळलंच नाही. मग आनंदानं ती सभागृहाच्या मध्यात उभी राहिली आणि हाक मारली, "ऊठ गं बाळा! झालं आपलं!"

"पाच मिनिटं गं, आई," तीनशे आवाज एकदम म्हणाले.

बायकांचे, पुरुषांचे, खर्जातले, थरथरते आवाज. सगळ्यांनी एकाच झटक्यात वाकळ डोक्यावरून ओढून घेतली. शालनमावशी खो-खो हसायला लागली.

"आई!" पहिल्या रांगेतून दुर्वा धावत आली. केस विस्कटलेले, गालावर टाक्यांची नक्षी उमटलेली, तोंडभर हसू. "आई, मिळालं? खरंच मिळालं? मी केव्हाची जागी आहे, तुझ्याकडेच बघत होते!"

रत्नमालानं तिला पोटाशी घट्ट धरलं. आणि मग तिला उमगलं. पोर इथं, मिठीत. मग आत्ता तिला आई म्हणालं ते कोण?

डॉक्टर मुजावर हातातल्या पडद्याकडे बघत होत्या. "टिकल्या बंद पडल्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाच मिनिटं झाली. दुर्वाकडून आता काहीच जात नाहीये."

"मग हे कुणाची झोप झोपतायत?" शालनमावशीचं हसू थांबलं.

"विरजण लागलं," डॉक्टर एवढंच म्हणाल्या.

पलीकडे मोहिते साहेबांची वाकळ खांद्यावरून घसरली होती. अठ्ठावन्न वर्षांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस, हात गालाखाली घेऊन झोपेतच कुरकुरला, "आई, थंडी वाजतेय."

रत्नमालाचा हात दुर्वाच्या पाठीवरून कधी सुटला ते तिचं तिलाही कळलं नाही. ती वाकली, वाकळ त्यांच्या खांद्यावर ओढली आणि रोजच्या सवयीनं दोनदा थोपटलं. "झोप, बाळा."

तीनशे माणसं समाधानानं हसली. दुर्वाचंच हसू, तिच्या एका गालावर खळी पडते तसं, ज्यांच्या गालांवर कधीच खळी नव्हती तिथंही ओठांचा तोच कोपरा वर गेलेला. आणि जागी दुर्वा रांगांच्या मध्ये उभी राहून, आपण झोपल्यावर कशा दिसतो ते पहिल्यांदाच बघत होती.