भिकूच्या चांदण्या

धारप सर सकाळची पेज संपवून संगणकापुढे बसले, ते रोजच्यासारखेच. महाडच्या त्यांच्या घरावर भाद्रपदातली झिमझिम चालली होती, आणि खिडकीबाहेर धुकं इतकं खाली उतरलं होतं की समोरचा फणस असून नसल्यासारखा. काम दोन मिनिटांचं. आजची तारीख लिहायची, तिच्यापुढे आकडा लिहायचा आणि आलेख काढायचा.

सरांचा जन्म भूशास्त्र शिकवण्यात गेला. नव्या रंगीत सोयी त्यांना नको असत. काळ्या पडद्यावर एका ओळीत आज्ञा लिहिली, एंटर दाबलं, की जुना प्रोग्रॅम अक्षरांतूनच आलेख काढी. प्रत्येक आकड्यासाठी एक चांदणी, म्हणजे कळफलकावरची फुली. त्या चांदण्या डावीकडून उजवीकडे मांडल्या जात, आणि सर चष्मा वर सारून त्यांच्याकडे पाहत बसत.

आकडे होते एका भेगेचे. पोलादपुराकडे, कापडे गावाच्या वरच्या अंगाला करंजमाळ नावाची बावीस घरांची वाडी होती. वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर पाच वर्षांपूर्वी जमीन फाटली. सरांनी भेगेच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि वाडीतल्या भिकूला मापायची टेप दिली. भिकू रोज सकाळी खुंटी ते खुंटी मापी. अंतर बदललं असेल तर फोन करून बोलायचं, नसेल तर नुसता एक मिस कॉल द्यायचा, असं दोघांत ठरलं होतं.

आषाढात भिकू तापाने गेला. सर भेटायला गेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच सांगण्यावरून अख्खी वाडी पाच दिवस खालच्या शाळेत जाऊन राहिली होती. डोंगर जागचा हलला नाही. लावणी मात्र रखडली आणि भिकूची म्हातारी आई तिथल्या गारठ्यात गेली. तेव्हापासून सर वाडीत दिसले की कुणीतरी म्हणे, "धारप सर आले, गोधड्या बांधा." भिकू तेवढा हसत नसे. त्याच्या बायकोला, चंद्राबाईला, तोंड कसं दाखवावं हे सरांना सुचेना. पण त्याच्या मोबाइलवरून रोज नऊला मिस कॉल येत राहिला. बाईने काम चालू ठेवलं, असं समजून सर रोज तोच आकडा लिहीत. तीनशे बारा मिलिमीटर. त्रेचाळीस दिवस, तीनशे बारा.

त्यांनी एंटर दाबलं.

कुठेतरी टेप गुंडाळली गेल्यासारखा आवाज झाला. सर्रर्र... टक. पडद्यावर पहिली चांदणी उमटली. पुन्हा सर्रर्र... टक, दुसरी. एरवी सगळा आलेख एका दमात येई. आज एकेक चांदणी सावकाश येत होती, कुणी चढणीवर थांबत थांबत चालावं तशी. आणि रेघ सपाट नव्हती. भिकू गेला त्या दिवसापासून ती वर चढत होती. आजची चांदणी सहाशे चाळीसवर होती. तिच्या पुढे आणखी एक होती, उद्याची. ती चौकटीच्या वर जाऊन बसली होती. त्यानंतर काही नव्हतं.

सरांनी फाइल उघडली. तीनशे बारा, तीनशे बारा, खालपर्यंत. भिकू गेल्यापासूनच्या ओळी त्रेचाळीस. पुन्हा आलेख काढला. त्याच चांदण्या, त्याच गतीने. खोलीत भिकूच्या तंबाखूचा आणि ओल्या मातीचा वास पसरला होता. आपलं डोकं चालेनासं झालं असेल, असं त्यांना वाटलं. तसंच असलेलं बरं, असंही वाटलं.

त्यांनी फोन लावला.

"चंद्राबाई, मी धारप. टेपवर आज किती भरलं?"

"टेप? ती तर त्यांच्यासंगं दिली, सर. सरणावर. हातातून सोडत नव्हते ती."

"मग... रोजचा मिस कॉल?"

"तो मी देते. ते रोज द्यायचे ना तुम्हाला. आम्ही बरी हाव, एवढं कळवायला. नव्हता द्यायचा काय?"

त्रेचाळीस दिवस कुणी मापलंच नव्हतं, आणि एका शब्दाने सरांनी विचारलं नव्हतं.

"बाई, वर जाऊन येता का? वितेने मापा. मी थांबतो."

तासाभराने फोन आला. तिला धाप लागली होती.

"माझी तीन वीत, सर. वर दोन बोटं."

सरांनी कागदावर हिशेब केला. सहाशे चाळीसच्या आसपास.

"आत्ताच्या आत्ता खाली उतरा. सगळे."

"आज गौरी आल्यात, सर. मुंबैची माणसं आल्यात, घरं भरल्यात. माझ्या घरात औंदा दुखवटा, गौर नाय. मी बोलले तर म्हणतील, हिच्याकडं नाय म्हून आमच्या उठवते."

"माझं नाव सांगा."

"तुमचं नाव घेतलं तर हसतील वो." मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांचं नाव घेते. त्यांनी मापलंय, म्हून सांगते."

सरांनी पडद्याकडे पाहिलं. "हो," ते म्हणाले. "त्यानेच मापलंय."

मेलेल्या माणसाचं नाव घेऊन कुणी खोटं बोलत नाही, हे वाडीला ठाऊक होतं. दिवस मावळायच्या आत बावीस घरं खाली उतरली. गौरी बायकांनी डोक्यावर घेतल्या आणि शाळेच्या बाकांवर ओळीने मांडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊच्या सुमाराला, उतार वाडीवर येऊन निजला. माणूस एकही गेला नाही.

दुपारी सर शाळेत गेले. कुणी गोधडीचं नाव काढलं नाही. चंद्राबाईने त्यांना गौरीचा प्रसाद दिला.

"मोबाइल तेवढा वरच राह्यला, सर," ती म्हणाली. "रेंज येते म्हून जांभळीच्या खिळ्याला पिशवीत टांगून ठेवायचे. जांभूळ मातीखाली गेली."

त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊला सरांचा फोन एकदा वाजला आणि थांबला. फोनच्या पडद्यावर भिकूचा नंबर होता. आम्ही बरी हाव. सरांनी हात जोडले. डोळे भरून आले, भीती अशी वाटली नाही.

मग मागे आवाज झाला. सर्रर्र... टक.

फाइल त्यांनी आदल्या रात्रीच पुसली होती, आज्ञाही दिली नव्हती. काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, एक चांदणी होती.

आज तिला नऊ दिवस झाले. चांदण्या नऊ आहेत, आणि रेघ थोडीथोडी चढते आहे. सरांनी बाजारातून नवी टेप आणली आहे. सकाळी उठून ते घराच्या भिंती मापतात, ओटा मापतात, विहिरीचा कठडा मापतात, फणसापासून उंबरठ्यापर्यंतचं अंतर मापतात. सगळं कालच्याइतकंच भरतं. ही भेग कुठली, ते मात्र त्यांना अजून सापडलेलं नाही.