लोविसाची वीस नखं

"माझ्या मुलीची नखं गळून पडताहेत, आणि हे कोण करतंय ते मला ठाऊक आहे," अंगातला कोट न काढताच यानिके म्हणाली. "तुम्ही फक्त पुरावा शोधा."

तिने चार वर्षांच्या लोविसाला खुर्चीवर बसवलं आणि तिचे हातमोजे ओढून काढले. हालवारच्या तोंडातला क्रीमच्या बनचा घास तोंडातच राहिला. पोरीची नखं पिवळट, भुरभुरीत झाली होती. प्रत्येक नखावर एक आडवी खाच होती. दोन नखं तर मुळाकडून सुटून टोकाशी लटकत होती.

सिगब्रित ही हार्नोसांद गावातली एकुलती एक खाजगी गुप्तहेर, आणि हालवार तिचा गेल्या बावीस वर्षांपासूनचा सोबती. अहवाल हालवारने लिहायचे आणि वाहवा सिगब्रितची व्हायची. दारातून आलेला प्रत्येक माणूस सरळ तिच्याकडेच बघायचा, आणि नेमकं तेच हालवारच्या पोटात दुखायचं. या वेळी उत्तर आधी आपण सांगायचं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. वहीत लिहिलं: आठवा आठवडा, सोमवार. या गावात तारखा दंतवैद्यापुरत्या. बाकी सगळं वर्षातल्या आठवड्याच्या आकड्यावर चालतं.

"कोण करतंय?" सिगब्रितने विचारलं.

"मिर्वा. माझ्या आधीच्या नवऱ्याची, म्हणजे रासमुसची आताची बाई. नखं सजवायचं दुकान आहे तिचं. तिथली रसायनं माझ्या पोरीला फासते. तीन वर्षं आमचं ठरलेलं होतं, विषम आठवडे माझे, सम त्याचे. त्याच्याकडून आली की हिचं सुरू, मिर्वाने वेणी घातली, मिर्वाने पॅनकेक केले! मी काय नुसती कपडे धुवायला आहे?"

सवतीमत्सर हालवारने पुष्कळ पाहिला होता. इतका उघडा मात्र पहिल्यांदाच.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नर्स म्हणाली, बुरशी असेल. नमुना पाठवलाय, उत्तर कधी येईल देव जाणे. मी समाजकल्याण कचेरीत तक्रार केलीय, गुरुवारी बैठक आहे. त्यांना पटलं, तर मिर्वा राहते त्या घरात लोविसा पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"तुमच्याकडे असताना कधी आजारी होती?"

"मी माझ्या लेकीची काळजी घेते!" यानिके फणकारली.

सिगब्रितने पट्टी काढली आणि बोटं एकेक करून मोजली. हाताच्या दहाही नखांवर खाच मुळापासून जवळपास चार मिलिमीटरवर होती. मग तिने पोरीचे पायमोजे काढायला लावले. पायांच्या नखांवरही खाच होती, फक्त मुळाच्या आणखी जवळ.

"अंगठा चोखतेस का गं?"

लोविसाने उजवा अंगठा दाखवला. "फक्त हा. दुसऱ्याला चव नाही."

दुपारी दोघं मिर्वाच्या दुकानात गेली. ती बारीक चणीची, रडून डोळे सुजलेली बाई होती.

"मी तिची नखं फक्त कापते हो. इथली एक बाटली घरी नेत नाही, माझंच त्या वासाने डोकं दुखतं. गेल्या आठवड्यात आंघोळ घालताना मीच पहिल्यांदा ते पाहिलं, आणि मीच रासमुसच्या मागे लागले की तिच्या आईला सांग."

"यानिकेबद्दल राग आहे?"

मिर्वाने मान खाली घातली. "हेवा आहे. लोविसाला ताप आला, काही झालं, तर मला कोणी विचारायचंही कारण नाही. मी कोण तिची? गुरुवारनंतर तर तिचं तोंडसुद्धा दिसायचं नाही."

तिथून दोघं बालवाडीत गेली. तिथल्या बारब्रूबाईंना संशय आपल्या साबणावर आणि रंगांवर येतोय असं वाटलं, आणि त्या आधीच तावातावाने बोलायला लागल्या.

"आमचे रंग मुलं चाटतात, तरी काही होत नाही! जानेवारीत ताप आणि फोडांची साथ होती, ती तेवढी खरी. हाताला, पायाला, तोंडात फोड. नऊ मुलं आडवी झाली."

"लोविसा?"

"वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात ती घरीच होती. निरोप आला, सुट्टी घेतोय म्हणून. आई-बापांपैकी कोणी पाठवला, ते आमच्या संगणकावर दिसत नाही."

बाहेर पडताच हालवारने टाळी वाजवली. "दुसरा आठवडा! सम! म्हणजे बापाकडे. मिर्वाने आजार लपवला!"

"बुधवारी यानिकेला बोलाव," सिगब्रित एवढंच म्हणाली.

बुधवारी यानिके एकटीच आली. हालवारने घसा खाकरून आपला निकाल ऐकवला. यानिके आनंदाने उडी मारेल, असं त्याला वाटलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"अर्धं बरोबर आहे," सिगब्रित म्हणाली. हालवारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाहेरून रसायन लावलं तर दहा बोटांवर इतकी एकसारखी खाच पडत नाही. अंगठा चोखून एक नख बिघडतं. आणि बुरशी वीसच्या वीस नखं एकाच दिवशी धरत नाही. हे आतून आलंय. मोठा ताप आला की शरीर काही दिवस नखं वाढवायचं थांबवतं. बरं वाटलं की पुन्हा वाढवायला लागतं. मधे खाच राहते आणि काही आठवड्यांनी जुनं नख सुटतं. मुलांच्या हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. पायाचं हळू वाढतं, म्हणून तिथली खाच मुळाजवळ. चार मिलिमीटर म्हणजे सुमारे सहा आठवडे. आठातून सहा गेले, उरले दोन: दुसरा आठवडा, बालवाडीतल्या साथीचा."

"मी वेगळं काय म्हणतोय? दोन हा सम आकडा आहे!"

"आणि आठ?"

"तोही सम."

"मग आठव्या आठवड्यातल्या सोमवारी लोविसा आईचा हात धरून इथे कशी आली? आणि सातव्यात, विषम आठवड्यात, तिला आंघोळ मिर्वाने कशी घातली?"

हालवार वहीची मागची पानं उलटायला लागला.

"गेल्या वर्षात त्रेपन्न आठवडे होते, हालवार. त्रेपन्न विषम, आणि त्यानंतरचा पहिलाही विषम. आईला लागोपाठ दोन मिळाले असते. ते रासमुसने मान्य केलं नसणार; पहिला त्याने घेतला आणि गणित उलटलं. यंदा सम आठवडे आईचे आहेत. यानिके, 'ठरलेलं होतं' म्हणालात, ते खरंच होतं. यंदाचं तेवढं बोलला नाहीत. ताप तुमच्या घरी आला."

यानिके बोटातली अंगठी फिरवत बोलायला लागली.

"तापाने नखं जातात हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. ती मिर्वानेच घालवली असं मला खरंच वाटलं."

"मग ताप का लपवलात?"

"पोरगी तीन दिवस फणफणत होती. मी मांडीवर घेतलं, गाणी म्हटली, घसा बसला माझा. तर हात झटकून म्हणते, मिर्वा पाहिजे. आई नको, मिर्वा पाहिजे! इतकी जळले मी. कळवलं असतं तर ती धावत आली असती, आणि पोरगी तिला बघून हसली असती. ते मला बघवलं नसतं."

"नवी नखं खालून येताहेत," सिगब्रित म्हणाली. "काही महिन्यांत पूर्ण होतील. डॉक्टरांना मात्र तापाचं सांगा."

पुढे काय करायचं, ते तिला सुचेना. ते हालवारला सुचलं. दुसऱ्याकडे बघून हसणारी माणसं तो बावीस वर्षं बघत होता; यानिकेचं बोलणं त्याला सिगब्रितपेक्षा जास्त समजलं. त्याने टेबलावरचा फोन यानिकेकडे सरकवला.

"कचेरीला कराच," तो म्हणाला. "पण आधी मिर्वाला करा."

यानिकेने दोनदा फोन ठेवला. तिसऱ्यांदा लावला.

"मिर्वा, मी यानिके. तक्रार मी मागे घेतेय. जानेवारीत लोविसा खूप आजारी होती. ती तुला हाका मारत होती, आणि मी तुला कळवलं नाही."

आता शिव्या येणार, म्हणून यानिकेने डोळे मिटून घेतले.

"किती चढला होता ताप?" मिर्वाने विचारलं.