दुर्लक्षाच्या यादीतला पत्ता

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. हे माझ्या सख्ख्या आतेभावाच्या बाबतीत घडलेलं आहे. तेही भरदुपारी, बुधवारी, माणसांनी भरलेल्या ऑफिसात.

दादाचं काम नेटवर्कवर नजर ठेवण्याचं. सहा मजली इमारतीतला प्रत्येक संदेश त्याच्या यंत्रणेसमोरून जायचा. गर्दी वाढली की तिला सगळे वाचणं झेपायचं नाही, काही निसटायचे. किती निसटले त्याचा आकडा भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल रंगात दिसायचा.

साहेबांनी फर्मान काढलं, महिनाअखेर तिथे शून्य हवं.

तीन आठवडे दादाने जिवाचं रान केलं. संदेश तात्पुरते साठवायची जागा, म्हणजे बफर, वाढवले, काम सगळ्या प्रोसेसरांत वाटून दिलं. लाखांचा आकडा चाळीसवर आला. पण शून्य काही होईना.

मग त्याने पळवाट काढली. तळघरातल्या बॅटरीरूमच्या भिंतीवरची, नेटवर्कला जोडलेली एक जुनी डबी सेकंदाला हजारदा 'मी चालू आहे' अशी टकळी लावायची. त्याने तिचा नेटवर्कवरचा पत्ता दुर्लक्ष करायच्या यादीत टाकला, म्हणजे तिचा एकही संदेश यंत्रणा वाचणार नाही. त्याच डबीवर धोक्याचं बटण होतं. ते दाबलं की दादाच्याच स्क्रीनवर इशारा यायचा. यादीत टाकण्याआधी हे तपासायला पाच मिनिटं लागली असती.

त्याने तपासलं नाही.

शून्य झालं. टाळ्या वाजल्या.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, बॅटरीरूम सांभाळणारे काका तिथेच जमिनीवर गतप्राण सापडले. छातीत कळ आली होती. बटण दाबल्याची नोंदच मिळेना. काकांनी घाबरून ते दाबलंच नसेल, असं चौकशीत ठरलं.

दादाला मात्र ठाऊक होतं. वगळलेल्या संदेशांची नोंद एका वेगळ्या फाईलमध्ये होते. त्यात तीन वाजून दहा मिनिटांनी बटणाचे इशारे होते...

अकरा.

त्याने ती फाईल पुसली. पत्ताही गुपचूप यादीतून काढला. कोणाकडे चकार शब्द काढला नाही.

काकांची मुलगी त्यांचा डबा आणि चष्मा न्यायला आली.

"बाबा रोज ते बटण फडक्याने पुसायचे हो. ते दाबायचं विसरतील?"

"अशा वेळी माणसाला सुचत नाही," दादा म्हणाला. वर काही लागलं तर कळवा म्हणून आपला नंबरही दिला. मला हे सांगताना त्याने मान वर केली नाही.

पुढचा बुधवार. तीन दहा...

प्रिंटर, पंखे, कुजबुज, सगळं एकदम गप्प झालं. स्क्रीनवरची वाहतूक थांबली. एकच ओळ उमटली.

बॅटरीरूम. धोका.

मग दुसरी... तिसरी... अकरा.

दादा धावत जिने उतरला. डबी भिंतीवर नव्हतीच, चौकशीवाले घेऊन गेले होते. स्क्रूची चार भोकं होती आणि टेप गुंडाळलेलं वायरचं टोक.

आणि त्यांच्यामध्ये एक ओला डाग... नुकतंच कोणी फडक्याने पुसल्यासारखा.

वर आल्यावर शेजारची सहकारी म्हणाली, काहीच थांबलं नव्हतं, तूच एकदम उठून पळालास.

मग ते रोजचंच झालं. सुट्टीच्या दिवशी घरच्या लॅपटॉपवरसुद्धा.

शेवटी त्याने काय करावं? तोच पत्ता पुन्हा त्याच यादीत टाकला. हे ऐकून मला त्याची चीड आली.

ओळी थांबल्या. पंधरा दिवस शांततेत गेले. पण त्याचं मन त्याला खात होतं. गेल्या रविवारी सकाळी त्याने सगळं सांगून टाकायचं ठरवून काकांच्या मुलीला फोन लावला.

तीच आधी बोलली.

"आज वेळ बदललीत? पंधरा दिवस रोज तीन दहाला तुमचा फोन येतोय. अकरा वेळा. उचलला की नुसता श्वास ऐकू येतो... काय सांगायचंय तुम्हाला?"

दादाच्या फोनमध्ये तसा एकही कॉल नाही. मी स्वतः पाहिलंय.

"चुकून लागला," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दादाने हे मला सांगितलं त्याला चार दिवस झाले. तिचा नंबर मी त्याच्याकडून मागून घेतला. तो नाही सांगत तर मी सांगेन, असं तावातावाने म्हणालोही होतो. अजून लावलेला नाही. आपल्याच घरातला माणूस आहे, त्याची नोकरी जाईल...

काल दुपारी तिचाच फोन आला.

तुमच्या नंबरवरून अकरा कॉल येऊन गेलेत, तुम्ही कोण, असं ती विचारत होती.

"चुकून लागले," असं म्हणून मीही फोन ठेवला.