क्लीटची ओळ

पोस्टमन चुकला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं प्रतिमा अजून म्हणते.

१९८४ सालचा ऑगस्ट. ओहायोतल्या डब्लिन गावात तेव्हा आपली मराठी घरं हाताच्या बोटांवर. प्रतिमाचे यजमान शैलेंद्र कोलंबसला एका कंपनीत इंजिनिअर, लेक कॉलेजला लांब गेलेली, आणि दिवसभर घरात प्रतिमा एकटी. अशात एके दिवशी शेजारच्या मिस्टर हॅगिन्सचं पत्र तिच्या पेटीत पडलं. जाड पाकीट, वर युनिव्हर्सिटीचा शिक्का. तिनं ते उघडलं नाही. उजेडासमोर धरून पाहिलं, एवढंच.

"अहो, या म्हाताऱ्याला युनिव्हर्सिटीचं पत्र कशाला आलं असेल हो?"

"जा, देऊन ये आणि विचारून ये," शैलेंद्र पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "नाहीतर आज जेवण करपणार आपलं."

वाटीभर शिरा घेऊन ती गेली. एमोरी हॅगिन्स एकोणऐंशीचे. उंच, वाळक्या शेंगेसारखे, नजर अधू. ते म्हणाले, "मिस प्रतिमा, तुम्हीच वाचा." मग तिनं रीतसर वाचलं, आणि वाचता वाचता खुर्चीत बसलीच.

हा म्हातारा एके काळचा गवई निघाला! १९२७ साली केंटकीच्या डोंगरात एमोरी आणि त्यांचा धाकटा भाऊ क्लीट, दोघं मिळून गायचे. एमोरी बँजो वाजवून खालच्या सुरात, क्लीट फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, छातीला टेकवून वरच्या सुरात. न्यूयॉर्कची माणसं रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन तिथल्या गावात आली, फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर खोली घेतली. बाहेरचा आवाज नको म्हणून भिंतींना ओल्या घोंगड्या टांगल्या. चौदा गाणी झाली. मग सिनसिनाटीच्या रेडिओवर पहाटेचा कार्यक्रम, जत्रा, शाळांचे हॉल. चार वर्षं नुसती धमाल. एकतीस साली क्लीट छातीच्या दुखण्यानं गेला. तेवीस वर्षांचा होता.

"मग तुम्ही एकटेच गात राहिलात?"

"एकटा?" एमोरी हसले. "एकटा मी कधीच गायलो नाही, मिस प्रतिमा. माझी ओळ मी म्हणतो. त्याची ओळ आली की गप्प बसतो, नुसता बँजो चालू ठेवतो. रेडिओवाले म्हणाले, लोकांना वाटतं रेडिओ बिघडला. त्यांनी काढून टाकलं. मग छत्तीस वर्षं कारखान्यात फ्रिजची दारं बसवली."

"पण गप्प का बसता?"

"तो गात असतो ना. मध्येच कसं बोलायचं?"

हे त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की बाहेर ऊन आहे. प्रतिमानं त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहून घेतलं.

पत्रात होतं ते असं. लोकगीतांच्या प्रोफेसर डॉक्टर लूमिस बावीस सप्टेंबरला टेपरेकॉर्डर घेऊन येणार होत्या. त्या चौदा गाण्यांची एकही तबकडी कुणाला सापडत नव्हती. ती आता फक्त एमोरींच्या डोक्यात उरली होती. आणि एमोरींच्या हृदयाबद्दल त्यांचे दवाखान्यातले डॉक्टर जे बोलले होते, ते पाहता पुढच्या उन्हाळ्याची खात्री नव्हती.

"त्या दिवशी क्लीट आला म्हणजे झालं," ते म्हणाले. "तो नसला तर माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही."

त्यानंतर प्रतिमा रोज चारच्या सुमाराला जाऊ लागली. म्हातारा तालीम करायचा, ही ऐकायची. एक गाणं तिला फार आवडलं. त्यात एक भाऊ ओढ्याच्या अलीकडून विचारतो, पलीकडे कोण उभं आहे? दुसरा उत्तर देतो, मीच आहे, घाबरू नकोस. एमोरी प्रश्न म्हणायचे आणि थांबायचे. बँजोच्या तारा टिणटिणत राहायच्या, खोलीत ऊन तिरपं पडलेलं असायचं, आणि म्हातारा मान किंचित कलती करून ऐकत बसायचा. मग समाधानानं पुढचा प्रश्न. उत्तराचे शब्द प्रतिमानं त्यांच्याकडून विचारून घेतले होते. चाल प्रश्नाचीच, ती आपोआप कळलीच होती.

आता प्रतिमा मिरजेची. लग्नाआधी सात वर्षं बायकांच्या भजनी मंडळात होती. तिथली शिस्त अशी की पुढची बाई ओळ म्हणून थांबली की मागच्यांनी ती उचलायचीच. ओळ खाली पडली तर मंडळाच्या अक्का टाळ थांबवून अशा बघायच्या की धरणी पोटात घेईल तर बरं वाटावं. ती सवय हाडात मुरलेली. बारा-पंधरा दिवस तिनं ती रिकामी जागा कशीबशी सोसली. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी एमोरींनी विचारलं, पलीकडे कोण उभं आहे? आणि प्रतिमाच्या तोंडून, तिलाही कळायच्या आत, उत्तर निघून गेलं. वरच्या सुरात, शेवटी मंडळातली छोटीशी मुरकी घेऊन...

मीच आहे, घाबरू नकोस.

बँजो थांबला.

"काय केलंत हे?" एमोरी हळू म्हणाले. रागावले नव्हते. चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"सॉरी हं, मिस्टर हॅगिन्स. चुकून..."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. प्रश्न म्हटला, थांबले, मान कलती केली.

"नाही," ते म्हणाले. "गप्प आहे. तो भारी मानी होता. त्याच्या जागेवर कुणी बसलेलं दिसलं तर ऊठ म्हणायचा नाही. निघून जायचा."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी बँजो पेटीतून काढलाच नाही. बावीस तारीख नऊ दिवसांवर आलेली. प्रतिमाला जेवण जाईना. एका म्हाताऱ्याची त्रेपन्न वर्षांची सोबत आपण एका ओळीत घालवली, हा विचार पाठ सोडेना.

"अगं, भ्रम आहे त्यांचा," शैलेंद्र म्हणाले. "भ्रम मोडला, चांगलं झालं."

"चांगलं कसलं हो? माणूस वाळत चाललाय."

शुक्रवारी दुपारी ती सिंकपाशी भांडी घासत होती. स्वतःच्याच नादात मंडळातली एक चाल गुणगुणत होती, नुसती चाल, शब्द नाहीत. एक ओळ झाली, श्वास घ्यायला थांबली.

पुढची ओळ मागून कुणीतरी उचलली.

बारीक आवाज. नाकातून येणारा, वरच्या पट्टीतला. अगदी बरोबर चालीत, पण असा लांबवलेला, जसा आपल्याकडे कुणी लांबवत नाही. स्वयंपाकघरात ओल्या घोंगडीचा वास भरला. लोकरीचा, कुबट... प्रतिमाच्या हातातली कढई तशीच राहिली. नळ चालू होता. ओळ पूर्ण झाली आणि आवाज थांबला. वाट पाहिल्यासारखा.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. घाबरली तर होतीच, पण तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की अरे देवा, हा आपल्याकडे आला. चुकून आला. ज्यानं ओळ उचलली त्याच्या मागं आला.

आता कुणाच्या घरची माणसं चुकून आपल्याकडे आली तर आपण काय करतो? पोचवून येतो. पण याला पोचवायचं कसं? प्रतिमाला एकच रीत ठाऊक होती. तिच्या माहेरी खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून खडे आणायचे ते तोंडात पाण्याचा घोट धरून, मुक्यानं, मागं न बघता, थेट घरात. बोललं की गौर वाटेतच राहते, असं आई सांगायची. आठवड्यापूर्वीच तिनं घरामागच्या नाल्यातून असे सात खडे आणले होते आणि पुन्हा तिथंच सोडले होते.

तिनं फोन उचलला.

"मिस्टर हॅगिन्स, दार उघडं ठेवा. खुर्ची पुसून ठेवा. मी आणतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "बरं, मॅम."

नाल्यातून तिनं एक खडा उचलून आणला. सिंकपाशी उभी राहून चालीची पहिली ओळ गुणगुणली. मागून दुसरी आली. मग तिनं घोटभर पाणी तोंडात घेतलं, खडा मुठीत धरला आणि निघाली.

दोन घरांमध्ये साठ पावलांचं लॉन. लख्ख ऊन होतं. रस्त्यापलीकडे कुणीतरी गवत कापायचं मशीन चालवत होतं. प्रतिमा चालत होती आणि तिच्या पावलांमागं, अर्ध्या पावलाच्या अंतरानं, वाळकी पानं चुरत होती. ती थांबली की पानांचा आवाजही थांबे. तो वास मानेजवळ आला होता. अर्ध्या वाटेवर मागं कुणीतरी खोकलं, खोल, कोरडं... तिची मान वळायला आली, पण तिनं दात घट्ट आवळले. समोर दार उघडं होतं. एमोरी चौकटीला धरून उभे होते, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, टाय लावलेला.

"आला का?" त्यांनी विचारलं.

तोंडात पाणी. उत्तर देता येईना. उजवं पाऊल आत टाकून ती खुर्चीपाशी गेली, खडा खुर्चीवर ठेवला. पाणी थुंकायला जागा नव्हती. तिनं ते गिळलं. एवढ्याशा घोटाला घशातून उतरायला फार वेळ लागला, आणि पोटात गेल्यावरही तो गार गोळा तिला जाणवत राहिला. मग ती वळून म्हणाली, "या. आपलंच घर आहे."

एमोरींनी बँजो घेतला. प्रश्न म्हटला, थांबले. प्रतिमाला काही ऐकू आलं नाही. म्हाताऱ्याच्या गालांवरून मात्र पाणी ओघळत होतं, आणि त्यांची मान तालात हलत होती.

बावीसला डॉक्टर लूमिस आल्या. एमोरी चौदाच्या चौदा गाणी गायले, चार तासांत, मध्ये दोनदा ताक पिऊन. ते ताकही प्रतिमानंच दिलं. टेप वाजवून पाहिली तर क्लीटच्या जागी नुसता बँजो. बाईंनी काही विचारलं नाही, शहाण्या होत्या. एमोरींना त्याचं काही वाटलं नाही. प्रतिमालाही वाटलं, चला, मिटलं.

फक्त त्या शुक्रवारपासून तिचा आवाज बसला होता. बोलता यायचं, पण सूर लागेना. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिली, म्हणाले, काही नाही. दिवाळीला आरती म्हणताना तिनं नुसते ओठ हलवले. शैलेंद्र म्हणाले, "बरंय, शेजाऱ्यांना त्रास नाही." ती हसली नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी डॉक्टर लूमिसचं एक छोटं पार्सल आलं, या वेळी बरोबर पत्त्यावर. टेनेसीतल्या एका बाईच्या माळ्यावर हॅगिन्स बंधूंची एक तबकडी सापडली होती. ओढ्याच्या गाण्याची, १९२७ सालची, एकुलती एक. तिची कॅसेट करून भेट पाठवली होती. एमोरींनी प्रतिमाला बोलावून घेतलं. क्लीटचा आवाज तिनं कधी ऐकलाच नाही, असं ते धरून चालले होते. त्यांना तो तिला ऐकवायचा होता.

कॅसेट सुरू झाली. आधी खरखर, तव्यावर तेल तडतडावं तशी. मग फिडल. मग बावीस वर्षांचा एमोरी, दाणेदार, धीट. पलीकडे कोण उभं आहे?

आणि उत्तर आलं.

खरखरीच्या पलीकडून येणारा तो आवाज ती लहानपणापासून ओळखत होती. तो सिंकपाशी ऐकलेला नाकातला आवाज नव्हता. तो तिचा होता. इंग्रजी शब्द तिच्याच उच्चारांतले. आणि ओळीच्या शेवटी ती मुरकी, मिरजेच्या मंडळातली, जशीच्या तशी.

"हाच तो," एमोरी डोळे मिटून म्हणाले. "हाच क्लीट. काय गळा होता, नाही?"

"मिस्टर हॅगिन्स... हा... हाच आवाज होता त्याचा? पहिल्यापासून?"

"दुसरा कुठला असणार?"

गाणं संपलं. फिडल थांबली. खरखर मात्र चालूच राहिली, आणि म्हाताऱ्यानं बोट वर केलं.

"आता ऐका हं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही, असं सांगितलं होतं आम्हाला. तरी इथं क्लीट काहीतरी पुटपुटला. मी नंतर विचारलं, तर म्हणाला, मी कुठं बोललो? सत्तावन्न वर्षं झाली, मला ते शब्द काही उमगले नाहीत. कुठली भाषाच नाही ती."

प्रतिमा कॅसेट प्लेअरकडे वाकली. तबकडीच्या खरखरीतून, घोंगड्या टांगलेल्या त्या बंद खोलीतून, तिचाच आवाज आला. घाईत, दबलेला, स्वच्छ मराठीत...

"दार लावू नका हो. मी अजून आतच आहे."

मग सुई उचलल्याचा खट्कन आवाज.

"कळलं का तुम्हाला काही?" एमोरींनी विचारलं.

प्रतिमानं त्यांच्या सुखावलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या घशात तो गार गोळा वर चढला.

"नाही," ती म्हणाली.

"पुन्हा लावू?" असं म्हणून, तिच्या उत्तराची वाट न बघता, म्हाताऱ्यानं टेप मागं फिरवायला सुरुवात केली.