सांगून भरवलेला घास

मळवली स्टेशनच्या नळापाशी एक उंचापुरा माणूस गोळी गिळायला निघाला होता, आणि गोळी काही केल्या आत जायला तयार नव्हती.

अनसूया बाकावर बसून हे सगळं बघत होती. एकवीरेचं दर्शन घेऊन ती आणि लीलामावशी लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. वैशाखाचं ऊन रणरणत होतं, मावशी पदर तोंडावर घेऊन पेंगत होती, आणि मांडीवर करवंदांचा द्रोण होता. करमणुकीला दुसरं काही नव्हतंच.

त्या माणसानं गोळी जिभेवर ठेवली. ओंजळभर पाणी प्यायला. मान मागं टाकली, डोळे घट्ट मिटले, एक पायसुद्धा आपटला... आणि असा ठसका लागला, की पाणी नाकातून आलं आणि गोळी उडून थेट अनसूयेच्या चपलेपाशी येऊन पडली.

"गिळा की वो पाव्हनं!" करवंदं विकणारी विठाबाई टोपलीआडून ओरडली. "येवडी येवडीशी तर हाय!"

अनसूया हसली. साधंसुधं नाही — पदर तोंडात कोंबला तरी फलाटभर ऐकू जावं, असं हसली. त्यानं मान वर केली. त्याचे कान कोंबड्याच्या तुऱ्यासारखे लाल झाले होते.

"हसून घ्या," तो म्हणाला. "कोयनेल आहे, हिवतापावरचं. नुसतं जिभेला लावून बघा, आणि मग हसा."

अनसूयेला कुणी 'बघा' म्हटलं की बघितल्यावाचून राहवत नसे. "द्या!" ती म्हणाली. त्यानं पुडीतली दुसरी गोळी पुढं केली. तिनं जिभेचं टोक लावलं मात्र — नाक, डोळे, भुवया सगळं एका जागी गोळा झालं! आता हसायची पाळी त्याची होती.

"पुरे," तिनं गोळी परत दिली आणि द्रोण पुढं सरकवला. "तोंड गोड करा. आणि आधी सांगा, कोंबडा की कोंबडी?"

करवंद फोडल्यावर आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मावळातल्या पोराटोरांचा हा खेळ. तो मोठ्या गंभीरपणे म्हणाला, "कोंबडा." दातानं करवंद फोडलं, तर आत पांढरंफेक!

"हरलात!"

"आज दिवसच हरायचा आहे," तो म्हणाला, आणि हरल्याच्या दुःखात द्रोणातली मूठभर करवंदं एकापाठोपाठ एक खाऊन टाकली.

गाडी आली. जाता जाता त्यानं खाली पडलेली गोळी बुटाच्या टाचेनं मातीत दाबली आणि हळूच म्हणाला, "हे... कुणाला सांगू नका हं."

गाडी सुटल्यावर अनसूयेला ते शब्द टोचायला लागले. आजारी माणूस तो, आणि आपण त्याच्या तोंडावर फिदीफिदी हसलो! शिकल्यासवरल्या मास्तरांची मुलगी म्हणवते आणि अक्कल एवढी! लोणावळा येईपर्यंत तिचे स्वतःचे कान गरम झाले होते.

पुढच्या रविवारी तळेगावची मंडळी तिला बघायला आली. पोह्यांची बशी पुढं करताना तिनं जरा नजर वर केली आणि बशी हातातून सुटता सुटता राहिली. तेच कान!

मुलाचं नाव शरच्चंद्र. वलवणला तलावाच्या कामावर ओव्हरशियर, आईसह बिऱ्हाडही तिथंच. त्याची आई मुक्ताबाई मोठी सरळ बाई होती. "लपवाछपवी मला जमत नाही," ती अनसूयेच्या वडिलांना म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी रानातल्या कामावर याला हिवताप धरला, तो अजून पुन्हा पुन्हा उलटतो. पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय. डॉक्टर म्हणतात, कोयनेल नेमानं पोटात गेलं तर खडखडीत बरा होईल, नाही गेलं तर मात्र जिवाशी गाठ आहे. पण घेतो हो नेमानं! मी रोज माझ्या हातानं त्याच्या हातावर ठेवते."

अनसूयेनं शरच्चंद्राकडं पाहिलं. तो शहाबादी फरशीकडं असा बघत होता, जणू तिच्यावर कामाचा नकाशा काढलेला आहे. तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

मास्तर सुधारकी वळणाचे होते. "मागच्या अंगणात जाऊन दोन शब्द बोला," ते म्हणाले. मोगऱ्याच्या आळ्यापाशी दोघं उभे राहिले, मध्ये चांगलं दोन हातांचं अंतर ठेवून.

"खरं सांगा," अनसूयेनंच सुरुवात केली. "नेमानं घेतलेल्यांपैकी पोटात किती जातात?"

"जवळजवळ एकही नाही." त्याचा आवाज खाली गेला. "चाळीस गडी माझ्या एका हाकेला धावतात. आणि गोळी हातात आली की माझा घसा मिटतो... आईला सांगायची लाज वाटते. ती पाणी आणायला वळली की गोळी खिडकीबाहेर, आणि मग आ करून रिकामी जीभ दाखवायची. आमच्या मागच्या जास्वंदीला आता जन्मात हिवताप यायचा नाही."

अनसूयेला पुन्हा हसू फुटलं आणि तिनं जीभ चावली. "माफ करा... मळवलीलाही मी..."

"तुम्ही खुशाल नकार द्या," तो मोगऱ्याशी बोलत असल्यासारखा म्हणाला. "फक्त कारण सांगू नका."

"आणि होकार दिला तर?"

त्यानं चमकून पाहिलं. "तर... मी प्रयत्न करीन."

"मीही करीन," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येताच आत पळाली.

लग्न ज्येष्ठात ठरलं. चारच दिवस राहिले असताना त्याला पुन्हा हुडहुडी भरली. मांडवात तो उभा राहिला तेव्हा मुंडावळ्यांखाली डोळे खोल गेले होते. "आजची गोळी चुकवू नका म्हणालेत डॉक्टर," मुक्ताबाई कुणाला तरी सांगत होत्या. "सकाळीच दिलीय मी." ती कुठं गेली असेल ते मांडवात एकट्या अनसूयेला ठाऊक होतं. आज रात्री ताप चढला तर?

पोस्टात मिळणारी कोयनेलची पुडी तिनं आधीच आणून ठेवली होती. शालूच्या पदराच्या टोकाला एक गोळी बांधली होती. प्रयत्न करीन म्हटलं होतं ना तिनं! जेवणाची पंगत बसली, उदबत्त्या लागल्या, आणि घास भरवायची वेळ आली. तिनं बुंदीच्या लाडवाचा तुकडा घेतला, पदराआड गोळी त्यात दाबली आणि नाव घेतलं:

"डोंगराच्या उताराला करवंदांची जाळी,
शरच्चंद्ररावांचं नाव घेते घासाच्या वेळी."

पंगतीत वाहवा झाली. करवंदांचं नाव ऐकून तो खुदकन हसला आणि त्यानं विश्वासानं तोंड उघडलं.

कट्! दाताखाली गोळी फुटल्याचा आवाज तिला ऐकू आला.

त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. घसा एकदा वर उडाला. त्यानं तिच्याकडं पाहिलं — रागानं नव्हे, त्याहून वाईट. फसवलं गेल्यासारखं पाहिलं. अनसूयेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता तो घास थुंकणार, सगळ्या मांडवादेखत, आणि बायकोच्या हातचा पहिलाच घास नवऱ्यानं थुंकला हे लोणावळ्याला चघळायला जन्मभर पुरणार.

"काय हो जावईबापू?" लीलामावशीनं चिडवलं. "घास कडू लागला की काय आमच्या पोरीचा?"

पंगत हसली. शरच्चंद्रानं डोळे मिटले. आणि तो चावायला लागला. कोयनेल चावत होता तो! एकदा, दोनदा... मग सारा जोर लावून त्यानं गिळलं. डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"पाडव्याला आपण आधी कडुनिंब खातो ना मावशी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "गोड मागून येतंच."

"डोळे भरून आले हो पोराचे!" मुक्ताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. टाळ्या पडल्या. अनसूयेला मात्र ताटातला एकही घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी वलवणच्या बिऱ्हाडात ती त्याची नजर चुकवत राहिली. स्वयंपाकघरात तो आला की ती पडवीत, पडवीत आला की ती न्हाणीघरात. अखेर दुपारी सासूबाई शेजारी गेल्या, तेव्हा त्यानं पडवीतच गाठलं. माहेराहून आलेल्या करवंदांचा द्रोण मध्ये ठेवून तो बसला.

"चुकलं माझं," ती भिंतीकडं बघत म्हणाली.

तो द्रोणातली करवंदं एकेक करून खात राहिला. "लहानपणी आई नाक दाबून औषध पाजायची," तो म्हणाला. "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. उघडतं गं, पण घसा मिटतो. मग तिनं लाडवात औषध लपवायला सुरुवात केली. तेव्हापासून कुणीही दिलेला घास मी आधी जिभेनं चाचपून बघतो. अजून बघतो. काल तू दिलेला तेवढा चाचपला नव्हता."

अनसूयेच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं. ओरडला असता तर परवडलं असतं!

"मग थुंकला का नाहीत?"

"सगळा मांडव तुझ्याकडं बघत होता. चारचौघांत खाली मान घालणं काय असतं, ते मला माहीत आहे."

"आणि मळवलीला मी हसले, त्याचीही मला इतकी लाज..."

"ते हसणं तेवढं परत घेऊ नकोस!" तो एकदम म्हणाला. "आई रडते, डॉक्टर रागावतात. माझ्या गोळीवर हसणारी तू पहिली. तुला काय वाटलं, तुमच्या दारात मी चुकून आलो होतो? त्या विठाबाईकडं चौकशी केली. ती म्हणाली, 'ती व्हय? लोनावळ्याच्या मास्तरांची ल्येक. लय हसती बगा!' मग आईला म्हटलं, तिथंच बोलणं लाव."

अनसूयेनं डोळे पुसले. तिची नजर द्रोणाकडं गेली. द्रोण अर्धा झाला होता. तिनं पडवीची जमीन पाहिली, अंगण पाहिलं.

"बिया कुठं टाकल्या?"

"कसल्या बिया?"

"करवंदांच्या! मळवलीलाही तुम्ही एक बी थुंकली नव्हती. अहो, तुम्ही बिया गिळता!"

त्यानं आश्चर्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला. जन्मभर गिळत आला होता आणि त्याच्या गावीही नव्हतं.

ती आतून पुडी घेऊन आली. सगळ्यात मोठं करवंद निवडलं, फोडलं, बिया काढल्या. "हे बघा, ही अर्धी गोळी. ही मी इथं ठेवतेय. कडू आहे. चावायचं नाही. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

त्यानं बराच वेळ ते करवंद निरखलं. मग तोंडात टाकलं... आणि ठसका लागून ते अंगणात जाऊन पडलं. त्यानं मान खाली घातली. अनसूया श्वास रोखून बसली.

"हस की," तो पुटपुटला.

ती हसली, आधी भीत भीत, मग मळवलीसारखी. तोही हसला. त्या हसण्यात त्याच्या मानेच्या ताणलेल्या शिरा सैल झाल्या. तिनं दुसरं करवंद तसंच दाखवून, सांगून त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते तोंडात घेतलं, नजर तिच्यावरच ठेवली, आणि गिळलं.

"गेली..." त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. मग जुन्या सवयीनं त्यानं आ केला आणि जीभ वर उचलून दाखवली.

अनसूया पुडी बांधत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"बघत नाहीस? आई रोज बघते."

"तुम्ही म्हणालात ना, गेली. मग गेली."

त्यानं हळूच तोंड मिटलं. कान पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी मान खाली गेली नाही. द्रोणातलं एक करवंद उचलून त्यानं तिच्या ओठांपाशी धरलं.

"सांगून भरवतोय हं," तो म्हणाला. "आत काही नाही."

अनसूयेनं चाचपून न बघता तोंड उघडलं.