ठेच सांगणारी काच

ज्या गोष्टीची लाज वाटते, ती माणूस पडद्याआड ठेवतो. मग अंबरखिंडच्या विद्यापीठानं आपलं प्राणिगृह (प्रयोगांसाठी प्राणी ठेवतात ती इमारत) भर रस्त्यावर, तेही काचेचं का बांधलं असावं? शाल्मलीला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं. शाळेतून घरी जाताना ती रोज त्या काचेला नाक लावून उभी राही. आतल्या पांढऱ्या उंदरांना नावं द्यायची पद्धत नव्हती. पण कानामागे काळा ठिपका असलेल्या एकाला तिनं परस्पर ‘तीळ’ करून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी दारात दवंड्या उभा होता. दवंड्या म्हणजे तिथला यंत्रमानव. प्राण्यांबद्दल कुणीही, काहीही विचारो, खरं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. गोड बोलायला शिकवायचं मात्र राहूनच गेलं होतं.

“दवंड्या, उद्या तीळ काय करणार आहे?”

“उद्यापासून त्याला दम्याचं नवं औषध देणार. मग वेदना होऊ न देता कायमचं झोपवणार आणि फुप्फुसं तपासणार. औषध डॉक्टर कर्णिकांचं आहे.”

डॉक्टर कर्णिक म्हणजे शाल्मलीचे आजोबा. ती तडक त्यांच्या प्रयोगशाळेत शिरली.

“आजोबा, तुम्ही तिळाला मारणार?”

दुसरा कुणी असता तर त्यानं खाऊ पुढे करून विषय बदलला असता. आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हो. तुझ्या खिशात दम्याचा फवारा आहे ना, तोही असाच तयार झाला. तू तो घेतेस आणि तुझा श्वास मोकळा होतो, तेव्हा मला फार बरं वाटतं. आणि ते उंदीरही आठवतात.”

शाल्मलीचा हात खिशाकडे गेला. फवारा फेकून द्यावासा वाटला. पण श्वास कोंडला की काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आता तिला रडूच यायला लागलं.

“इकडे ये,” म्हणत आजोबांनी तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. खाली नखाएवढी पारदर्शक चकती होती. “हिच्यात माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी (शरीर ज्यांचं बनतं ते अतिसूक्ष्म जिवंत घटक) वाढवल्यात.”

शाल्मलीनं डोळा लावला. एक तलम पडदा हलकेच ताणला जात होता, सैल पडत होता, पुन्हा ताणला जात होता. ना नाक, ना छाती, नुसता श्वास तेवढा चालला होता. तिचाही श्वास नकळत त्याच लयीत चालू लागला.

“हिला दुखतं?” तिनं हळूच विचारलं.

“नाही. दुखणं कळायला मेंदू लागतो. म्हणून औषध आधी हिच्यावर तपासतो. पूर्वी पिंजरेच्या पिंजरे उंदीर लागत, आता मोजके पुरतात.”

“मग एकसुद्धा कशाला?”

“चकतीला यकृत नाही, हृदय नाही. औषध अंगभर फिरताना कुठे दगा देईल, ते तिला अजून सांगता येत नाही.”

तेवढ्यात बाहेर घंटा झाली. रोज संध्याकाळी जगभरातल्या विद्यापीठांचे फसलेले प्रयोग प्राणिगृहाच्या काचेवर उजळत. त्यांना इथं सगळे ‘ठेच’ म्हणत. नव्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी या ठेचा पाहायच्या आणि तसाच प्रयोग कुठे फसलेला दिसला तर आपला रद्द करायचा, असा नियमच होता. दोघं बाहेर आले.

“पेरू देशातून आजच आलेली ठेच,” दवंड्या वाचू लागला. “औषध जवळजवळ डॉक्टर कर्णिकांच्या औषधासारखंच. दमा कमी झाला, उंदरांची यकृतं निकामी झाली. उद्याचा प्रयोग रद्द.”

आजोबा पायरीवर बसले. “कितीक वर्षांचं काम पाण्यात गेलं,” ते म्हणाले. तीळ वाचल्याचा आनंद शाल्मलीला धड दाखवताही येईना. ती त्यांना टेकून बसली.

“पुढच्यास ठेच, मागचा शहाणा,” ती म्हणाली.

“खरंय. पण पुढच्यानं लाजून ओठ मिटले, तर मागचा शहाणा होणार कसा? पूर्वी तसंच चालायचं. प्रयोग जमला की गाजावाजा, फसला की गुपचूप कपाटात. मग दुसऱ्या गावी तोच प्रयोग, तेच मरण.”

“म्हणून ही काच?”

“म्हणून. तुझ्यासारखं कुणी नाक लावून बघत असलं की आम्हालाही रोज स्वतःला विचारावं लागतं, याची खरंच गरज आहे का?”

शाल्मली विचारात पडली. “आजोबा, तुमची एखादी ठेच सांगायची राहिलीय?”

आजोबांनी कान खाजवला. “आहे एक. मागच्या महिन्यात एक मिश्रण फसलं. आणखी एकदा करून बघावं, मग काचेवर लावावं म्हणत होतो.”

“म्हणजे पुन्हा उंदीर?”

आजोबा उठले, दवंड्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं, आपल्या नावासकट. काचेवर अक्षरं उजळली. थोड्याच वेळात त्यांच्याखाली केनियातून उत्तर उमटलं: ‘आभार. हेच मिश्रण आम्ही उद्या देणार होतो. थांबवलं आहे.’

शाल्मलीनं ते उत्तर पुन्हा एकदा वाचलं. इथल्या एका म्हाताऱ्यानं कान खाजवत खरं सांगितलं आणि समुद्रापलीकडचा एक अख्खा पिंजरा वाचला.

“चकतीला यकृत मी जोडणार,” ती म्हणाली.

“जोड की. फसलं तर?”

“तर इथं लावीन.”

तिनं पुन्हा काचेला नाक लावलं. आत तीळ मिशा पुसत बसला होता.